झाडीमंडळ : उद्याचा एक देश मांडताना

साल २२१४. भंडारा, गोंदिया, चंद्रपूरचा पूर्वेकडचा मुलूख आणि गडचिरोलीची उत्तर कड मिळून झाडीमंडळ नावाचा देश उभा राहिला आहे. तो नागपूरपासून फुटून निघाला आहे, आणि वैनगंगेच्या पाण्यावरून दोघांत लढाई जुंपली आहे. पुढच्या पानांतल्या खेळाचे कथानक एवढेच. खेळायला नकाशा, सोंगट्या, फासे आणि दोन-तीन तासांची फुरसत लागते. नियम समजायला अर्धा तास पुरतो. मात्र हा देश असाच का मांडला, हे सांगायला थोडी जागा हवी, म्हणून ही प्रस्तावना.

वॉरगेम हा प्रकार आपल्याकडे फारसा रुळलेला नाही. बुद्धिबळ आपलेच, पण बुद्धिबळात दोन्ही बाजू सारख्या असतात आणि पटाला भूगोल नसतो. पटाच्या जागी खराखुरा नकाशा आणला तो प्रशियाच्या फॉन राइसविट्झ पितापुत्रांनी. मुलाने १८२४ मध्ये नियम छापले. खऱ्या प्रदेशाचा मोठ्या प्रमाणातला नकाशा, त्यावर पलटणींचे ठोकळे, नशिबासाठी फासे आणि निवाड्यासाठी पंच, अशी ती मांडणी होती. पुढे १९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांनी ‘लिटल वॉर्स’ लिहून हा खेळ सैनिकी शाळांतून घराच्या जमिनीवर आणला. ज्याने मंगळावरचे आक्रमण कल्पिले त्यानेच शिशाच्या शिपायांची लढाई कशी खेळावी हेही लिहिले. विज्ञानकथा आणि युद्धखेळ यांची सोयरीक तेव्हापासूनची आहे.

या दोन्हींच्या संगमावर काम करणाऱ्याला कधी ना कधी नवे राष्ट्र घडवावे लागते, आणि तिथेच बहुतेकांचा घात होतो. झुलू राष्ट्राचे उदाहरण घेऊ. भविष्यकाळात दक्षिण आफ्रिकेतून फुटून निघालेला झुलूंचा देश ही कल्पना युद्धखेळ रचणाऱ्याला भुरळ घालते, कारण २२ जानेवारी १८७९ चा दिवस त्याला पाठ असतो. इसांडलवानाच्या डोंगराखाली सुमारे वीस हजार झुलू योद्ध्यांनी इंग्रजांची छावणी धुऊन काढली आणि इंग्रजांच्या बाजूचे तेराशेहून अधिक लोक मारले. म्हशीच्या शिंगांसारखी दोन्ही बगलांनी कवेत घेणारी त्यांची व्यूहरचना आजही लष्करी पुस्तकांत आहे. मग रचणारा काय करतो? तीच शिंगे, तीच ढाल, तोच आखूड भाला घेतो आणि भाल्याच्या टोकाला लेसर बसवतो. तीनशे वर्षांनंतरचा माणूस १८७९ च्या दुपारीच अडकून पडतो.

आणि त्या दुपारीही तो नुसता योद्धा नव्हताच. झुलूंच्या पलटणी म्हणजे ‘अमाबुथो’, एका वयाच्या तरुणांचे गट. राजाची गुरे राखणे, त्याची शेती करणे, शिकार आणि लढाई ही सगळी कामे त्यांच्याकडे असत. लग्नाची परवानगीसुद्धा राजा गटागटाने देई. लढाई संपली की माणसे घरी जात, कारण घरी पीक आणि गुरे वाट पाहत असत. त्याच वर्षी ४ जुलैला उलुंडीला झुलूंचा पराभव झाला. त्यानंतर इंग्रजांनी राज्याचे तेरा तुकडे करून तेरा जणांना वाटले आणि त्यांच्यात भाऊबंदकी लावून दिली. पुढे वर्णद्वेषी राजवटीने ‘क्वाझुलू’ हा प्रदेश आखला तोही असाच तुकड्या-तुकड्यांचा, मधे गोऱ्यांची शेते. ट्रान्सकाय, बोफुथात्स्वाना, वेंडा आणि सिस्काय या अशाच इतर प्रदेशांनी १९७६ ते १९८१ च्या दरम्यान सरकारने देऊ केलेले नावापुरते स्वातंत्र्य घेतले. क्वाझुलूचे नेते मांगोसुथु बुथेलेझी यांनी ते घ्यायला नकार दिला. फुटून निघण्याची आयती संधी हाती असताना न फुटलेला हा समाज आहे. त्याचे भविष्य कल्पायचे तर या नकाराला सामोरे जावे लागेल. शिवाय दरबान शहराचे काय? १८६० पासून उसाच्या मळ्यांवर आणलेल्या भारतीय मजुरांचे वंशज तिथे लाखोंनी राहतात. झुलू राष्ट्राच्या संसदेत त्यांची जागा कुठली, हा प्रश्न ढाल-भाल्याच्या चित्रात मावत नाही.

म्हणून मला ठाम वाटते की भविष्यातला देश योद्ध्यापासून सुरू करू नये. त्याचे पाणी कुठून येते, धान्य कधी घरात येते, निर्णय कोण घेतो आणि आतल्या आत भांडण कशावरून होते, एवढे ठरले की सैन्य आपोआप आकाराला येते. ही कसोटी दुसऱ्याच्या देशावर लावण्याआधी आपल्या मुलखावर लावून पाहावी, म्हणून झाडीमंडळ.

वरठीत बसून हा विचार करणे सोपे जाते. मोहाडी तालुक्यातले हे गाव बाहेरच्यांना भंडारा रोड स्टेशन म्हणूनच माहीत असते. हावडा–नागपूर–मुंबई लोहमार्ग गावाला चिकटून जातो, सनफ्लॅगचा पोलाद कारखाना इथेच आहे, आणि भंडारा शहर दहा-बारा किलोमीटरवर. उत्तरेला तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याच्या मँगनीज खाणी आहेत. डोंगरी बुजुर्गचे मँगनीज डायऑक्साइड तर बॅटऱ्यांसाठी वापरले जाते. लोहमार्ग, पोलाद, बॅटरीचे खनिज, धान आणि मोठी नदी हे सगळे तासाभराच्या अंतरात. रणनीतीकाराने नकाशावर बोट ठेवावे असे हे ठिकाण आहे, आणि खेळात ते तसेच आहे. नकाशा षट्कोनी घरांत विभागलेला आहे. वरठीचे घर ज्याच्या ताब्यात, त्याच्या सोंगट्या दुप्पट वेगाने पूर्व-पश्चिम हलतात.

फुटून निघण्याची कल्पना मात्र आम्हाला शोधावी लागली नाही. ती या मातीत जुनी आहे आणि मोठ्या माणसांनी गंभीरपणे मांडलेली आहे. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये विदर्भाचे वेगळे राज्य व्हावे अशी शिफारस केली होती. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भाषिक राज्यांवरच्या आपल्या पुस्तकात मराठी मुलखाचे चार भाग सुचवले : मुंबई, पश्चिम, मध्य आणि पूर्व महाराष्ट्र. आदल्याच वर्षी, १९५४ मध्ये, ते भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले होते. त्यांच्या मांडणीत मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे की सीमा ठरवताना त्यांनी लहान समूहांचे काय होणार हा प्रश्न पुढे ठेवला. मोठ्या जातीच्या हाती एकगठ्ठा सत्ता गेली तर अल्पसंख्याकांनी कुठे जावे, हे त्यांनी विचारले. देश मांडणाऱ्या प्रत्येकाने, खेळातला का असेना, ते पुस्तक आधी वाचावे.

झाडीमंडळ हा विदर्भवाद्यांच्या नकाशाचा देश नाही. तो नागपूरपासूनच फुटतो. असे का केले, ते पाण्याकडे पाहिले की कळते. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला आणि तिथून गोसीखुर्दच्या जलाशयात येते. पवनीजवळच्या त्या धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली, आणि त्याच्या बुडिताखाली गेलेल्या गावांत या पट्ट्यातलीही अनेक आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वैनगंगा–नळगंगा जोडप्रकल्प मंजूर केला. गोसीखुर्दचे पाणी सुमारे सव्वाचारशे किलोमीटरच्या कालव्यांनी पार बुलढाण्याकडे नेण्याचा तो बेत आहे. पश्चिम विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याची तहान खरी आहे, तिला नाव ठेवण्याचा अधिकार कुणालाच नाही. तरी भंडाऱ्याच्या पारावर बसलेल्या माणसाच्या मनात एक प्रश्न येतोच : बुडालो आम्ही, घाण आली आमच्याकडे, आणि पाणी चालले दुसरीकडे? आज हा प्रश्न अर्ज, मोर्चे आणि सभागृहातल्या चर्चा यांच्या मर्यादेत आहे आणि तिथेच तो सुटावा. खेळाने त्याला दोनशे वर्षे पुढे ढकलले, उन्हाळे अधिक कडक केले आणि पाऊस लहरी केला. बाकी जुळवाजुळव करावी लागली नाही. दोन्ही बाजूंचे म्हणणे अर्धे-अर्धे खरे असेल तरच लढाई खेळण्यासारखी होते. नागपूरच्या बाजूने खेळणाऱ्याला आपण खलनायक आहोत असे एकदाही वाटू नये, अशी काळजी आम्ही घेतली आहे.

झाडीमंडळाचे सामर्थ्य मात्र मोठ्या धरणात नाही, तलावांत आहे. पूर्व विदर्भातले माजी मालगुजारी, म्हणजे पूर्वी जमीनदारांकडे असलेले, तलाव सुमारे सात हजार. गोंड राजांच्या काळात जो जंगल तोडून तलाव बांधेल त्याला त्या पाण्याखालची जमीन मिळे, आणि या कामात कोहळी समाजाचा हातखंडा होता. नवेगाव बांधच्या विस्तीर्ण तलावाशी कोलू पाटील कोहळींचे नाव परंपरेने जोडलेले आहे. तलाव जवळून पाहिला तर त्यामागची अक्कल दिसते. मातीची लांब पाळ, दोन टेकड्यांच्या मधे नेमकी बसवलेली. पाणी सोडायला तुडुम, जादा पाणी काढून द्यायला सलंग. सलंगाचे पाणी वाया जात नाही, ते खालच्या तलावात जाते आणि त्याच्या सलंगाचे त्याच्या खालच्यात. बांधीतला, म्हणजे धानाच्या खाचरातला, शेतकरी, मासे धरणारा ढीवर, गाळात कमळकंद काढणारी बाई आणि पाळीवर उतरणारे स्थलांतरित पक्षी या सगळ्यांचे वेळापत्रक एकाच पाण्यावर बसवलेले असते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली ते योग्यच झाले. पण तलाव सरकारजमा झाल्यावर गाळ कुणी काढायचा याची जुनी घडी मोडली आणि नवी नीट बसली नाही.

खेळात हीच साखळी संरक्षणाची रचना झाली आहे. एका धरणावर शत्रूने ताबा मिळवला की सगळे पाणी त्याचे. सात हजार तलावांवर ताबा मिळवायला सात हजार चौक्या लागतील. झाडीमंडळाच्या खेळाडूकडे रणगाडे नाहीत, पण तो तुडुम उघडून एखाद्या खोऱ्यातल्या बांध्या रात्रीत भरू शकतो, आणि चिखलात यंत्रे रुततात. याची किंमतही आहे. भरलेल्या बांधीतले उभे पीक जाते, आणि पुढच्या हंगामात त्याच खेळाडूच्या धान्याच्या खात्यातून ती वजावट होते. स्वतःचे पीक बुडवून शत्रू अडवायचा की पीक राखून शत्रूला वाट द्यायची, ही निवड खेळात वारंवार येते. दोन-तीन तासांच्या डावात खेळाडूंची खरी बोलाचाली होते ती इथेच.

दुसरा महत्त्वाचा नियम पंचांगाचा. झाडीमंडळात खडे सैन्य जवळजवळ नाहीच. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, टाकली की फौज निम्मी होते, रोवणी सुरू झाली की पाव, आणि धान कापून चुरणे, म्हणजे मळणी, आटोपले की पूर्ण. दिवाळीनंतर मात्र हा देश जोरात असतो. त्याच दिवसांत झाडीपट्टीत, म्हणजे याच मुलखात, नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, ही त्या नाटकमंडळ्यांची पेठ. तिथून निघालेली मंडळी गावोगावी मंडपात रात्रभर प्रयोग करतात आणि हजारो माणसे थंडीत बसून ते पाहतात. या रंगभूमीवरचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्या जगाने वळून पाहिले. इथल्या लोकांना मात्र हे वैभव आधीपासून ठाऊक होते. २२१४ मध्ये शत्रूने सगळी संदेशयंत्रणा बंद पाडली तरी नाटकमंडळीचा ट्रक गावात शिरतो आणि निरोप पोचतो. खेळातली ‘मंडळी’ ही सोंगटी लढू शकत नाही, पण ती ज्या घरात असेल तिथल्या तुकड्यांचे मनोधैर्य खचत नाही. ही सोंगटी मला सगळ्यांत प्रिय आहे.

राज्यकारभार कसा, हे ठरवताना गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाचा आधार घेतला. तिथली ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय घेते. वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांत ते होते, साल २००९. या गावाने जे करून दाखवले त्याला मी देश म्हणायला तयार आहे. झाडीमंडळाची सभा अशा ग्रामसभांची बनलेली आहे. परिणामी मोठा निर्णय घ्यायला या खेळाडूला एक फेरी जास्त लागते. नागपूरचा खेळाडू ताबडतोब हुकूम सोडतो. पण सहमतीने घेतलेला निर्णय झाडीमंडळात मोडत नाही, तर नागपूरच्या बाजूला प्रत्येक तिसऱ्या फेरीला फासे टाकून बघावे लागते की आपली माणसे अजून आपल्यामागे आहेत का. संथपणा आणि टिकाऊपणा यांचा हा व्यवहार आकड्यांत बसवायला फार वेळ गेला, आणि तो बसला याचा आनंद आहे.

देशात कोण राहते? इथे मराठी आहे, तिची झाडीबोली आहे, गोंडी आहे, पोवारी आहे, हलबी आहे, हिंदी आणि छत्तीसगढी आहे. रेल्वे आणि कारखान्यांमुळे देशभरातून आलेली कुटुंबे वरठीत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. अशा मुलखाला एका जमातीचा, एका वेषाचा देश करणे म्हणजे झुलूंच्या हाती लेसरचा भाला देण्यासारखेच. विशेषतः गोंडांच्या बाबतीत हे जपावे लागते. देवगडच्या बख्त बुलंदने नागपूर वसवले, चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, गोंड राजांनी किल्ले आणि तलाव उभे केले, बाबूराव शेडमाके यांना इंग्रजांनी २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याला फाशी दिले. शहरे वसवणारा, पाणी अडवणारा आणि साम्राज्याशी टक्कर देणारा हा समाज चित्रात आला की फक्त धनुष्यबाण घेऊन येतो. आमच्या सोंगट्यांवर धनुष्यबाण नाही. झाडीमंडळाची मुख्य जलअभियंता गोंडी बोलणारी आहे आणि तिच्या सोंगटीवर तुडुमाचे चित्र आहे.

गोंडांचे नाव घेतले म्हणून एक गोष्ट सांगून टाकतो. कोट्यवधी वर्षांपूर्वी आपले द्वीपकल्प आणि दक्षिण आफ्रिका ज्या एकाच महाखंडात होते, त्याला भूशास्त्रज्ञांनी दिलेले गोंडवन हे नाव याच गोंडांच्या मुलखावरून आले. उमरेड-चंद्रपूरचा कोळसा आणि झुलूंच्या प्रांतातला कोळसा ज्या खडकांत सापडतो ते खडक एकमेकांचे नातलग आहेत. झुलूंच्या देशाचा विचार करता करता आपल्या देशाशी येऊन पोचणे यामुळे मला परके वाटले नाही.

गडचिरोलीबद्दल स्पष्ट बोलायला हवे. तिथे चार दशके खरा रक्तपात झाला आहे. आदिवासी, पोलीस आणि नक्षल चळवळीत गेलेली तरुण मुले, सगळ्यांच्या घरी त्याच्या जखमा आहेत. तो संघर्ष या खेळात नाही, त्याची छायाही पडू दिलेली नाही. ज्याला जंगलातल्या चकमकी खेळायच्या आहेत त्याने ही पुस्तिका वापरू नये, अशी माझी विनंती आहे. आणखी एक. वरठीपासून काही किलोमीटरवर जवाहरनगरला आयुध निर्माणी आहे. २४ जानेवारी २०२५ रोजी तिथे झालेल्या स्फोटात किमान आठ कामगार गेले. युद्धाचे सामान करणारी माणसे युद्ध नसतानाही मरतात, हे या भागाला कुणी शिकवायला नको. म्हणून खेळात मारली गेलेली सोंगटी पटावरून उचलून डबीत टाकता येत नाही. ती जिथून आली त्या गावाच्या घरावर ठेवायची आणि डाव संपेपर्यंत तिथेच राहू द्यायची. पुढच्या रोवणीला त्या गावाचे हात तेवढे कमी मोजायचे.

मराठीत या कामाला मोठा पूर्वज आहे. जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा पानिपतची लढाई मराठे जिंकले असते तर काय झाले असते हे दाखवते. इतिहासाचा एक क्षण वळवला की मागोमाग प्रशासन, बाजार, भाषा सगळे कसे वळते, हे त्यांनी तिथे शास्त्रज्ञाच्या शिस्तीने मांडले. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. त्यांनी भूतकाळ वळवला, आम्ही पुढचा काळ वळवतो आहोत. पण एक बदल केला की त्याचे सगळे परिणाम प्रामाणिकपणे सोसायचे, हा धडा त्यांच्याकडूनच घेतला आहे.

नव्या खेळाडूंनी सुरुवात पुस्तिकेतल्या तिसऱ्या प्रसंगापासून करावी. त्यात फक्त मोहाडी ते पवनीपर्यंतचा नदीकाठ आहे, सोंगट्या कमी आहेत आणि हंगाम कापणीनंतरचा आहे. पहिला प्रसंग रोवणीतला, तो अनुभवी खेळाडूंसाठी. नकाशावर गडचिरोलीच्या उत्तरेकडच्या घरांपैकी अकरा पांढरी सोडली आहेत. तिथल्या ग्रामसभा झाडीमंडळात जातात, नागपूरकडे राहतात की दोघांनाही नकार देऊन स्वतंत्र राहतात, हे नियमांत लिहिलेले नाही. पहिला फासा टाकण्याआधी दोन्ही खेळाडूंनी समोरासमोर बसून ते ठरवायचे आहे, आणि सहमती होईपर्यंत डाव सुरू करायचा नाही.